पाण्याचा रेणू कसा काढावा?

वसतिगृहातील मुले सायंकाळी अभ्यासिकेत विज्ञानाची वही उघडून बसतात, तेव्हा एक गोष्ट वारंवार आमच्या ध्यानात येते. पाण्याच्या रेणूची आकृती त्यांना तोंडपाठ असते. परंतु हायड्रोजनचे अणू दोनच का, तीन का नाहीत, असे विचारले की पेन्सिल थांबते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तथापि पाठांतरालाच ज्ञान समजण्याची सवय आमच्या विषयातही आम्हांला खटकते, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

रेणूची आकृती मोजून काढायची असते. अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन बंधात भाग घेतात. ऑक्सिजनच्या या कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात. अष्टक पूर्ण होण्यास दोन कमी पडतात. हायड्रोजनपाशी एकच असतो आणि द्विक पूर्ण होण्यास त्याला आणखी एक हवा असतो. आता मधोमध ऑक्सिजन लिहून त्याभोवती सहा ठिपके मांडावेत : दोन जोड्या आणि दोन सुटे. प्रत्येक सुट्या ठिपक्यासमोर एकेक हायड्रोजन आपला ठिपका घेऊन येतो. जी जोडी जमते, ती दोघांच्याही मालकीची असते. हाच सहसंयुज बंध. तिसऱ्या हायड्रोजनसाठी सुटा ठिपका उरतच नाही. मुलांच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच मिळते. बंधातील प्रत्येक जोडीच्या जागी रेघ ओढली की रेषा-संरचना तयार होते. ऑक्सिजनवर उरलेल्या दोन जोड्या बंधांना दूर लोटतात, म्हणून हा रेणू सरळ नसतो. त्यातील कोन सुमारे १०४.५ अंशांचा असतो. मिठात मात्र सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊनच टाकतो. तो आयनिक बंध. तेथे सामाईक जोडीची रेघ ओढू नये.

ठिपक्यांची ही रीत अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली मांडली. त्याच वर्षी, ९ मे रोजी, त्याच देशातील कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरील आपला निबंध वाचला. दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण जे आहे ते तसे का आहे, हा प्रश्न दोघांनीही विचारला होता.

पुढे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि सनातन्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले! पाणी दूषित होते ते घाणीने आणि रोगजंतूंनी. त्याचे बंध तोडायचे तर विद्युतप्रवाह लागतो. मग दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन वायू हाती येतो. पिणाऱ्याच्या जातीने त्या आकृतीतील एक ठिपकाही इकडचा तिकडे होत नाही. ज्या मुलीने हा रेणू स्वतः मोजून काढला, तिला विटाळ खोटा आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तोच धम्म १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी याच नागपुरात स्वीकारला. विज्ञान आपल्याला झेपणार नाही, असे म्हणून दहावीनंतर त्याकडे पाठ फिरवणारी मुले आजही आपल्यात आहेत. माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी तासभर अभ्यासिकेत येऊन त्यांच्याजवळ बसावे. उत्तर सांगू नये. ठिपके त्यांनाच मोजू द्यावेत.

जय भीम!