काट्यावरचा आकडा संगणकापर्यंत कसा पोहोचतो?

(उपकरण विभागाकडून)

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका वयस्कर सभासदांनी उभे राहून प्रश्न केला होता, "काट्यावरचा आकडा मी डोळ्यांनी बघतो. पण पावती निघते ती संगणकातून. मधल्या वायरीत आकडा बदलत नाही कशावरून?" सभेत थोडा हशा झाला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नव्हता. वर्षभर राबून पिकवलेला ऊस शेवटी त्या एका आकड्यात येऊन बसतो. वेळेअभावी तेव्हा उत्तर अर्धवट राहिले, ते येथे सविस्तर देत आहोत.

वजन काट्यावरून दर्शकापर्यंत

वजनकाट्याच्या फलाटाखाली पोलादी भारमापक बसवलेले असतात, त्यांना लोडसेल म्हणतात. गाडी वर आली की हे पोलाद केसभर दबते. त्याला चिकटवलेल्या बारीक तारांचा विद्युतरोध त्यामुळे किंचित बदलतो आणि काही मिलिव्होल्टचा इशारा तयार होतो. सगळ्या लोडसेलचे इशारे एका पेटीत एकत्र येतात व तेथून केबिनमधल्या दर्शकाकडे, म्हणजे इंडिकेटरकडे जातात. मिलिव्होल्टचे किलो करण्याचे काम दर्शक करतो. वैध मापन अधिनियम २००९ खाली काट्याची पडताळणी होऊन सील लागते ते येथपर्यंत. लाल अक्षरात चमकतो तो आकडा हाच.

आता हा आकडा दर्शकाने संगणकाला सांगायचा आणि संगणकाने तो ऐकून पावतीवर छापायचा. प्रश्न नेमका ह्या सांगण्या-ऐकण्याचा आहे.

दोघांची बोली एक हवी

वायर जोडली म्हणजे बोलणे सुरू झाले, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. फोन लागला तरी पलीकडच्याची भाषा येत नसेल तर काय उपयोग? दर्शक आणि संगणक यांच्यात आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात, आणि त्या दोन्हीकडे तंतोतंत सारख्या भराव्या लागतात.

पहिली गोष्ट वेग. ९६०० हा सर्रास वापरला जाणारा वेग, म्हणजे सेकंदाला ९६०० ठोके. एका अक्षराला आरंभ-शेवटाच्या खुणांसह साधारण १० ठोके लागतात, तेव्हा सेकंदाला ९६० अक्षरे गेली. बोलणारा ९६०० ने बोलतो आणि ऐकणारा ४८०० ने ऐकतो असे झाले, तर पडद्यावर नुसती अगम्य चिन्हे उमटतात.

दुसरी गोष्ट पडताळ्याचा ठोका, त्याला पॅरिटी म्हणतात. पाठवणारा प्रत्येक अक्षरातले 'एक' मोजतो आणि बेरीज सम किंवा विषम, जे ठरले असेल ते, होण्यासाठी शेवटी एक ठोका जोडतो. वाटेत एक ठोका बिघडला तर बेरीज चुकते आणि ऐकणाऱ्याला कळते. मात्र दोन ठोके एकदम बिघडले तर बेरीज पुन्हा जुळते व चूक निसटते. म्हणून एवढ्यावर विसंबून चालत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आकडा ओळीत कुठे आहे हे सांगणे. बहुतेक दर्शक सतत एक ओळ पाठवत असतात. तीत आरंभाची खूण, वजन स्थिर आहे की हलते आहे ही खूण, अधिक-उणे चिन्ह, मग आकडे आणि शेवटाची खूण असते. अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंत वजन आहे, हे संगणकातल्या प्रणालीला आपण भरून द्यायचे असते. ते एका घराने चुकले तर २३,४५० चे ३,४५० होतात, नाहीतर २,३४५.

म्हणाल, एवढी मोठी चूक कोणाच्याही लक्षात येईल. बरोबर आहे. भरल्या ट्रॉलीचे वजन साडेतीन टन दिसले तर ड्रायव्हरसुद्धा ओरडेल. परंतु त्याच ओळीतली स्थिर-अस्थिर ही खूण भरायची राहिली तर? गाडी अजून डोलते आहे, आकडा वर-खाली होतो आहे आणि मधलाच एखादा आकडा संगणक उचलतो. खऱ्या वजनात आणि ह्या आकड्यात फरक थोडाच पडेल, ३०-४० किलोचा. म्हणून तो कुणाच्या डोळ्यावर येणार नाही. तो कधी सभासदाच्या बाजूने जाईल, कधी कारखान्याच्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरली होती. त्या हिशोबाने ४० किलो म्हणजे १४२ रुपये होतात. एका खेपेचे १४२, मग हंगामातल्या साऱ्या खेपांचे किती, हे ज्याचे त्याने मांडावे.

सांगायचा मुद्दा हा, की जी चूक ढळढळीत दिसते ती फारशी धोक्याची नसते. खऱ्यासारखी दिसते ती चूक घातक.

एका वायरीवर पुष्कळ यंत्रे

काटा आणि संगणक ही दोघांचीच गोष्ट झाली. त्यांच्यासाठी बहुधा आर.एस. २३२ पद्धतीची वायर वापरतात. ती साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची. गव्हाणीपासून पॅनपर्यंत आणि बॉयलरपासून मळीच्या टाकीपर्यंत मात्र दाबमापक, तापमापक, प्रवाहमापक, मोटारींचे वेगनियंत्रक अशी कितीतरी यंत्रे आहेत. त्यांच्यासाठी आर.एस. ४८५ ही दोन पिळलेल्या तारांची पद्धत आहे. ती १२०० मीटरपर्यंत जाते व एकाच जोडीवर अनेक यंत्रे बसतात. त्यांची बोली बहुधा मॉडबस असते. ही बोली १९७९ साली अमेरिकेतल्या मॉडिकॉन कंपनीने काढली आणि अजूनही जगभर चालते.

मॉडबसची रीत शाळेतल्या हजेरीसारखी आहे. मुख्य यंत्र एकेकाला क्रमांकाने हाक मारते. ज्याचा क्रमांक असेल त्यानेच उत्तर द्यायचे, इतरांनी गप्प बसायचे. हे क्रमांक १ ते २४७ पर्यंत देता येतात. आता दोन यंत्रांना चुकून एकच क्रमांक दिला तर काय होईल? गावात एकाच नावाच्या दोघांना हाक मारावी आणि दोघांनी एकदम ओ द्यावी, तशी गत. उत्तरे एकमेकांत मिसळतात आणि धड कोणाचेच ऐकू येत नाही.

प्रत्येक यंत्रात माहितीचे खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. एका खणात ० ते ६५,५३५ एवढाच आकडा मावतो. उणे आकडे चालतील असे ठरवले तर वरची मर्यादा ३२,७६७ वर येते. म्हणून ४०,००० ह्या आकड्याचा खण चुकीच्या रीतीने वाचला तर पडद्यावर उणे २५,५३६ दिसतात! मोठा आकडा दोन खणांत विभागून ठेवतात, तेथे आधी कोणता खण वाचायचा हे ठरवावे लागते. उलट वाचला तर ७०,००० चे २९ कोटी २५ लाख ५२ हजार ७०५ होतात. ह्या चुका हसू येण्यासारख्या आहेत आणि म्हणूनच लगेच सापडतात.

न सापडणारी चूक वेगळीच. यंत्राच्या पुस्तकात खणांची मोजणी १ पासून लिहिलेली असते, तर वायरीवर ती ० पासून होते. कोणती प्रणाली कोणत्या रीतीने मोजते हे पाहिले नाही तर शेजारचा खण वाचला जातो. पुढच्या गरम पाण्याचे तापमान मागायचे, आणि हाती यावे मागच्या टाकीचे. दोन्ही आकडे ८० अंशांच्या आसपासचे. शंका तरी कुणाला येणार?

आपल्याकडे घडलेली गोष्ट

शेवटच्या मिलपूर्वी चोथ्यावर गरम पाणी मारतात, त्याला इंबिबिशन म्हणतात. चोथ्यात राहिलेली साखर त्याने धुऊन निघते. पाणी कमी पडले की ती साखर चोथ्याबरोबर बॉयलरमध्ये जळते.

काही हंगामांपूर्वी एका रात्रपाळीत ह्या पाण्याच्या प्रवाहमापकाची वायर जोडपेटीत सैल झाली. यंत्राचे उत्तर येणे थांबले. पण त्या वेळच्या मांडणीत उत्तर आले नाही तर शेवटचा आकडा तसाच दाखवत राहावा, असे भरलेले होते. पडद्यावर चांगला भरघोस प्रवाह दिसत होता. त्याच रात्री पंपाची जाळी तुंबली आणि पाणी खरोखरच कमी झाले. पाळीवरच्या माणसाचा काही दोष नव्हता. त्याने पडद्यावर विश्वास ठेवला. प्रयोगशाळेच्या तपासणीत चोथ्यातली साखर वाढलेली दिसली तेव्हा कोणीतरी पंपाजवळ प्रत्यक्ष जाऊन पाहिले, आणि मग उलगडा झाला. त्या रात्री किती साखर जळाली याचा नेमका हिशोब आता लागणार नाही. परंतु उतारा ०.१ टक्क्याने वर गेला तर २०२५-२६ च्या दराने क्विंटलला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. यावरून अशा गळतीची किंमत ध्यानात यावी.

बंद पडलेले यंत्र एक वेळ परवडते, ते दुरुस्त तरी करतात. बंद असून चालू दिसणारे यंत्र परवडत नाही. तेव्हापासून आपण मांडणी बदलली. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही तर पुन्हा विचारायचे. तीनदा विचारूनही आले नाही तर पडद्यावरचा आकडा पुसून तेथे 'संपर्क नाही' असे लाल अक्षरात यावे व घंटा वाजावी. ही वाट पाहण्याची वेळही बेताने ठरवावी लागते. एक सेकंद ठेवली आणि एक यंत्र मेले, तर तीन विचारण्यांत प्रत्येक फेरीला तीन सेकंद वाया जातात आणि बाकीच्या सर्व यंत्रांचे आकडे उशिरा येतात. फार कमी ठेवली तर चांगले यंत्रही मेलेले ठरते.

जोडणी करताना आपण काय पाहतो

नवे यंत्र आले की त्याचा क्रमांक, वेग, पडताळा, खण आणि एकक आधी वहीत लिहितो, मग संगणकात भरतो. वायर मोटारींच्या जाड केबलपासून दूर नेतो. वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावतो, नाहीतर लांब वायरीत इशारे टोकाला आपटून परत फिरतात आणि गोंधळ माजवतात. यंत्रे एकेक करून जोडतो. एकाचे नीट बोलणे झाल्याशिवाय दुसरे जोडत नाही.

सगळे झाले की परीक्षा. यंत्रावरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा रिकामे असताना, मध्यावर आणि पूर्ण भाराला असा तीनदा ताडून पाहतो. काट्याच्या बाबतीत प्रमाणित वजने ठेवून दर्शक, पडदा आणि छापील पावती ह्या तिन्हींचा मेळ घालतो. शेवटी मुद्दाम वायर उपसून बघतो. जुना आकडा तसाच उभा राहिला तर जोडणी नापास. काट्याच्या मांडणीला कुलूपशब्द आहे. एकट्या माणसाला ती उघडता येत नाही, आणि कोणी, कधी, काय बदलले याची नोंद वहीत होते.

सभासदांनी काय पाहावे

आता सभेतल्या प्रश्नाकडे येऊ. मधल्या वायरीत आकडा आपोआप बदलतो का? नीट मांडणी असेल तर नाही. मांडणी चुकली असेल, किंवा कोणी मुद्दाम बदलली असेल, तर पावतीवर वेगळा आकडा येऊ शकतो. म्हणून आमच्या तपासणीइतकीच तुमची नजरही मोलाची आहे.

गाडी चढण्यापूर्वी दर्शकावर शून्य आहे का ते बघा. गाडी पूर्ण थांबू द्या, आकडा स्थिर होऊ द्या. दर्शकावरचा आकडा वाचा, मग पावती वाचा. दोन्ही किलोला किलो जुळले पाहिजेत. भरल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन, दोन्ही वेळा हेच करा. स्वतः येणे जमले नाही तर ड्रायव्हरला हे सांगून ठेवा. फरक दिसला तर गाडी तशीच काट्यावर उभी ठेवून तिथल्या तिथे सांगा. ऊस एकदा गव्हाणीत पडला की पुन्हा मोजता येत नाही.

ज्यांना परीक्षा प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी काट्याच्या तपासणीच्या दिवशी अवश्य यावे. वायर उपसण्याचे काम त्या दिवशी एखाद्या सभासदाच्याच हातून करून घेऊ. ज्यांनी प्रश्न विचारला होता त्या आप्पांना पहिला मान.