तंबोऱ्याचा फेरा आणि लूपरचा सांधा

गाण्याच्या बैठकीत गायकाच्या मागे तंबोरा घेऊन बसलेल्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. तो चार तारा क्रमाने छेडतो, पुन्हा पहिलीवर येतो आणि तासभर हेच करीत राहतो. पंचम, षड्जाची जोडी आणि खर्ज असा हा फेरा साधारण चार-पाच सेकंदांत पूर्ण होतो.

पायाने दाबायची एक छोटी पेटीही असेच फेरे घेते. तिला लूपर पेडल म्हणतात. वाजवलेला तुकडा ती स्मृतीत साठवते आणि पेडल पुन्हा दाबताच तो सतत वाजवू लागते. त्यावर दुसरा, तिसरा असे थर चढवता येतात. साथीदार नसलेला एकटा वादकही त्यामुळे भरदार कार्यक्रम करू शकतो. शाळेसाठी किंवा एखाद्या होतकरू विद्यार्थ्यासाठी असे यंत्र घ्यायचे झाले, तर काय पाहावे? जाहिरातीत बहुधा ध्वनिमुद्रणाची मिनिटे मोठ्या अक्षरांत असतात. आमच्या मते मिनिटांपेक्षा महत्त्वाचा आहे तो फेऱ्याचा सांधा, आणि त्यात आपण भरत असलेला सूर.

फितीपासून चिपपर्यंत

१९६० च्या दशकात अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांनी एकच फीत दोन टेपरेकॉर्डरांतून फिरवली. पहिला यंत्र ध्वनी मुद्रित करी, दुसरा तो काही वेळाने ऐकवी. फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि दोन यंत्रांमधले अंतर दोन मीटर धरले, तर आवाज सुमारे साडेदहा सेकंदांनी परत येतो. हेच रायली १९७० मध्ये किराना घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य मिरजेत होते.

आता फितीची जागा चिपने घेतली आहे. ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे आणि प्रत्येकाला दोन बाइट जागा द्यायची, तर एका सेकंदाला ८८,२०० बाइट लागतात. पाच मिनिटांना अडीच कोटींहून थोडे अधिक. आजच्या चिपला ही जागा किरकोळ आहे. म्हणून केवळ मिनिटे जास्त आहेत यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

सांधा कसा जुळतो?

समजा, आपण तंबोऱ्याचा एक फेरा मुद्रित केला आणि खर्ज छेडताच पेडल दाबले. खर्जाची तार अजून काही सेकंद गुंजणार असते. पण यंत्र लगेच सुरुवातीकडे उडी मारते आणि तिथे हे गुंजन नसते. प्रत्येक फेऱ्याला तार जणू हाताने दाबून बंद केल्यासारखी वाटते. शिवाय शेवटच्या आणि पहिल्या नमुन्याच्या मूल्यांत मोठा फरक असेल, तर ‘टक्’ असा आवाज येतो.

‘टक्’ घालवण्यासाठी बरीच यंत्रे काही मिलिसेकंदांत एक टोक मंद करीत दुसरे चढवतात. गुंजनासाठी मात्र पेडलचा क्रम पाहावा लागतो. काही पेडलांत मुद्रणानंतरची दाब नुसते वादन सुरू करते, काहींत ती लगेच दुसरा थर मुद्रित करू लागते. दुसऱ्या प्रकारात उरलेले गुंजन फेऱ्याच्या सुरुवातीवर आपोआप चढते आणि सांधा नाहीसा होतो. हा क्रम निवडता येत असेल, ते यंत्र घ्यावे.

आणखी एक युक्ती आहे. माणसाच्या हातून तार दोनदा अगदी सारखी छेडली जात नाही, त्यामुळे तंबोरा जिवंत वाटतो. एकच फेरा जसाच्या तसा वाजत राहिला, तर कानाला ते लवकर कळते. म्हणून एकाऐवजी आठ-दहा फेरे मुद्रित करावेत.

थर किती चढवावेत?

सारख्या ताकदीचे पण परस्परांशी संबंध नसलेले आठ थर एकत्र आले, की ध्वनीची पातळी ९ डेसिबलने वाढते. काही क्षणी त्यांची शिखरे एकावर एक येतात, यंत्राची मर्यादा ओलांडली जाते आणि आवाज फाटतो. काही यंत्रांत जुने थर हळूहळू विरत जाण्याची सोय असते. दर फेऱ्याला थराचा ९० टक्के भाग उरला, तर दहा फेऱ्यांनंतर सुमारे ३५ टक्के उरतो. चुकलेला शेवटचा थर पुसता येणे आणि थांबवण्यासाठी वेगळे बटण असणे, या दोन गोष्टी रंगमंचावर लाखमोलाच्या ठरतात.

सूर कुठून घ्यायचा?

१९२१ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोऱ्याच्या तारेविषयी एक विलक्षण गोष्ट नोंदवली. तार जिथे छेडली, तिथे ज्याचा निस्पंद बिंदू आहे तो उपस्वर नियमानुसार ऐकू येऊ नये. पण तंबोऱ्यात तो येतो. रुंद, किंचित वक्र घोडी आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेला दोरा, म्हणजेच जवारी, याला कारण आहे. म्हणून तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार स्पष्ट ऐकू येतो.

षड्ज २२० हर्ट्झ धरू. त्याचा पाचवा उपस्वर ११०० हर्ट्झ, तोच हा गंधार. समान अंतरांत लावलेल्या हार्मोनियमचा गंधार २७७.२ हर्ट्झ असतो. त्याचा चौथा उपस्वर सुमारे ११०८.७ येतो. दोन्ही एकत्र वाजले, की सेकंदाला आठ-नऊ वेळा आवाज थरथरतो. यंत्र ही थरथर दुरुस्त करीत नाही, ती पुन्हा पुन्हा ऐकवते. त्यावर रोज रियाज करणाऱ्या मुलाचा कान तसाच घडतो. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तिका प्रसिद्ध केली, त्या काळापासून हार्मोनियमच्या सुरांचा हा वाद आपल्याकडे चालत आला आहे.

म्हणून पहिला थर तंबोऱ्याचा घ्यावा आणि बाकीचे त्याला जुळवावेत. दिव्यांच्या उष्णतेने सतारीची पोलादी तार उतरते, लूपचा सूर मात्र हलत नाही. अधूनमधून वाद्य पुन्हा लावावे लागते.

जोडणी

बरीच पेडले गिटारच्या संकेतासाठी बनवलेली असतात. मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्टचाच असतो. त्यासाठी मायक्रोफोनची खास जोडणी असलेले यंत्र किंवा मध्ये वेगळा प्रवर्धक लागतो. वाद्याला चिकटवायच्या पिझो पिकअपला सुमारे दहा लाख ओहम रोध असलेली जोडणी मानवते. यंत्रातून आवाज किती उशिरा बाहेर पडतो, हेही ऐकून पाहावे. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ध्वनिवर्धक साडेतीन मीटर मागे ठेवल्यासारखे.

करून पाहा

मोबाइलवर तंबोऱ्याचा एक फेरा मुद्रित करा. एक प्रत खर्ज छेडताच कापा, दुसरी गुंजन संपल्यावर. दोन्ही पुन्हा पुन्हा वाजवा. पहिलीत गुंजन तुटते, दुसरीत फेरा लांबून मध्ये पोकळी पडते. सांधा म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना लगेच कळेल. नंतर तंबोऱ्याबरोबर हार्मोनियमचा गंधार दाबून थरथर मोजायला सांगा.

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर आजही जवारी कानाने काढतात. सांगली-साताऱ्याकडच्या शाळांना हे वाद्य प्रत्यक्ष पाहणे अवघड नाही. लूपर घ्यायला जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना एकदा मिरजेला न्यावे आणि चांगल्या तंबोऱ्यासमोर दहा मिनिटे शांत बसवावे. मग दुकानात कोणते यंत्र ठेवायचे आणि कोणते परत करायचे, हे त्यांचे कानच सांगतील.