"मले राग आलाच नाही!"

मे महिन्यातलं चंद्रपूर. कूलर नुसता गरम वारा फेकतोय, लाईट दोनदा जाऊन आलेली. खाणीतली पहिली पाळी उरकून आलेला शेजारी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून घर डोक्यावर घेतोय. बायको विचारते, "एवढे चिडता काऊन?" तर तो अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो, "मले राग आलाच नाही!"

गैरसमजांची सुरुवात इथूनच. आपल्याला वाटतं, राग गिळला की झालो शहाणे. पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर यांनी १९९० साली 'भावनिक बुद्धिमत्ता' ही कल्पना मांडली, तिच्यात गिळणं कुठेच नव्हतं. स्वतःची आणि दुसऱ्याची भावना ओळखणं, ती सांभाळणं आणि तिचा उपयोग करून वागणं, असा तो मामला. स्वतःची भावना ओळखणं म्हणजे आत्मभान. तिथेच गाडी अडली, तर पुढे सांभाळायचं काय? चेहरा कोरा ठेवला तरी शरीरातली धगधग चालूच राहते, हे प्रयोगांत दिसलं आहे. उलट भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात आढळलं.

दुसरा गैरसमज: स्वतःबद्दल जितका विचार कराल, तितकं आत्मभान वाढेल. असं काही नाही. रात्रभर 'मी असा काऊन?' हे दळण दळणाऱ्याला बहुधा सबबीच सापडतात. मानसशास्त्रज्ञ टाशा युरिक 'का'ऐवजी 'काय' विचारायला सांगतात. आपल्या बोलीत सांगायचं तर 'काऊन' सोडा, 'काय' धरा. आत्ता मला काय होतंय? छाती भरून आलीय की भूक लागलीय?

शिकलेल्याला हे आपोआप जमतं, हाही भ्रमच. गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये हजारोंची प्रकृती पाहणाऱ्या डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर स्वतःच्या जगण्याची जी उलटतपासणी त्यांनी केली, ती 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात आहे. वैद्यकाचं ज्ञान होतंच. स्वतःकडे पाहायला मात्र सवड काढावी लागली.

आणि हे सगळं एकट्याने डोळे मिटून करायचं काम आहे, असं वाटत असेल तर धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवा. तिथली ग्रामसभा बहुमतावर नाही, सर्वसहमतीवर चालते. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो, चर्चा पुन्हा होते. वेळ भरपूर जातो, खरं आहे. पण 'मला पटत नाही' म्हणणाऱ्याला आपला मुद्दा कुठला आणि रुसवा कुठला, हे चारचौघांत उलगडावं लागतं. ऐकणाऱ्यांनाही हात वर करून मोकळं होता येत नाही. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव ते हेच.

शेजारी रात्री अंगणात खाट टाकून बसला होता. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "आज साहेबानं सगळ्यांसमोर झापलं मले. मीठ बरोबरच होतं, जी."