परसातली पवनचक्की आणि वाऱ्याचा हिशेब

२०२२ साली ब्रिटनमध्ये विजेचे दर भडकले, आणि तेव्हापासून आपल्या लोकांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो: या देशात उन्हाची वानवा असली तरी वारा मुबलक आहे, मग परसात छोटी पवनचक्की उभारून बॅटऱ्या का भरू नयेत? प्रश्न रास्त आहे. एक किलोवॉटची चक्की, चार बॅटऱ्या आणि थोडी तारजोडणी एवढ्यावर बिलाची कटकट मिटेल, असे जाहिराती वाचून वाटते. पण पैसे गुंतवण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे हे बरे. हा हिशेब शालेय गणितावर भागतो.

कल्पना तशी जुनीच आहे. ग्लासगोच्या अँडरसन्स कॉलेजातील प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ साली स्कॉटलंडमधील मेरीकर्क या खेड्यात, आपल्या सुट्टीतल्या घराच्या बागेत, कापडी शिडांची चक्की उभारली. तिच्यावर बॅटऱ्या भरून त्यांनी घरात दिवे लावले. उरलेली वीज गावच्या रस्त्यावरील दिव्यांसाठी त्यांनी देऊ केली. पण हे सैतानाचे काम आहे असे म्हणून गावकऱ्यांनी ती नाकारली. आजच्या घरगुती चक्कीची मांडणी मुळात तीच आहे: वारा पाती फिरवतो, पाती जनित्र फिरवतात आणि तयार झालेली वीज बॅटरीत साठते.

आता हिशेब पाहू. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते; वेग निम्मा झाला तर ती एक अष्टमांश उरते. शिवाय कोणतीही चक्की वाऱ्यातील शक्तीचा जास्तीत जास्त ५९.३ टक्केच भाग घेऊ शकते. ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांच्या नावाने ओळखली जाते. छोट्या चक्कीत प्रत्यक्षात तीस टक्के मिळाले तरी पुष्कळ झाले.

समजा, पात्यांच्या घेऱ्याचा व्यास दोन मीटर आहे. वारा सेकंदाला १२ मीटर वेगाने वाहत असेल तर अशी चक्की सुमारे १,००० वॉट देईल. खोक्यावर छापलेला 'एक किलोवॉट' तो हाच. पण सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. हा वारा छत्री उलटी करणारा! ६ मीटर वेगाला तीच चक्की १२५ वॉट देते, ४ मीटरला ३७ वॉट आणि ३ मीटरला जेमतेम १५ वॉट. वारा कमीजास्त होत असतो आणि जोराच्या झोतांत मिळणारी वीज सरासरीला बरीच वर ओढते. हे धरूनही, सरासरी वेग ४ मीटर असलेल्या ठिकाणी दिवसाला एक-दीड युनिटपेक्षा जास्त अपेक्षा करू नये. ब्रिटनमधील सर्वसाधारण घराला दिवसाला सात-आठ युनिट लागतात.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. इमारतींवर बसवलेल्या २६ छोट्या चक्क्यांची वर्षभर मोजणी करून 'वॉरिक विंड ट्रायल्स' या प्रकल्पाचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. बंद पडलेला काळ वगळूनही एका चक्कीची दिवसाची सरासरी ६२८ वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटही नाही, अशी निघाली. बंद काळ धरला तर ती फक्त २१४ वॉट-तास होती. उंच बहुमजली इमारतींवरील चक्क्या उत्तम चालल्या. पण रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्यामुळे त्याच बहुतेक काळ बंद ठेवाव्या लागल्या.

असे का होते? घरे, झाडे आणि धुराडी यांना अडखळून वारा मंदावतो आणि त्यात भोवरे तयार होतात. अशा वाऱ्यात चक्की सतत तोंड फिरवत राहते, वीज कमी देते आणि लवकर झिजते. म्हणून जाणकारांचा नियम असा, की पात्यांचे खालचे टोक आसपासच्या ५०० फुटांतील सर्वांत उंच वस्तूपेक्षा निदान ३० फूट वर असावे. याउलट, इंग्लंडमध्ये स्वतंत्र परवानगीशिवाय परसात उभारता येणाऱ्या चक्कीची उंची, पात्याच्या टोकापर्यंत धरून, ११.१ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे ती दुमजली घराच्या छपराच्या आसपासच राहणार, नेमकी भोवऱ्यांच्या गर्दीत. मोकळ्या रानात मात्र १० मीटरऐवजी ३० मीटर उंच खांब घेतला तर शक्ती साधारण दीडपटीहून जास्त मिळते. म्हणूनच मोठ्या चक्कीपेक्षा उंच खांबावर केलेला खर्च पुष्कळदा अधिक फळतो.

बॅटरीबद्दलही एक गैरसमज आहे. बॅटरी वीज निर्माण करत नाही, फक्त सांभाळते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बारा व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.२ युनिट मावतात. लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर त्यातील निम्मेच वापरावेत. भरताना आणि काढताना होणारी घट वेगळीच. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जास्त खोलवर वापरता येते; पण तापमान शून्याखाली असताना ती भरू नये. बाहेरच्या शेडमध्ये ती ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. बॅटरी भरली की सौर पट्टीची जोडणी खुशाल तोडता येते. पवनचक्कीचे तसे नाही. जनित्रातून वीज घेतली जाते तेव्हाच पात्यांवर ओढ राहते. ती ओढ गेली, तर जोराच्या वाऱ्यात पाती बेफाम फिरून तुटू शकतात. यासाठी नियंत्रक जादा वीज हीटरसारख्या कॉइलमध्ये जिरवतो. लिथियम बॅटरीतील संरक्षक यंत्रणा ऐनवेळी स्वतःहून जोडणी तोडू शकते, म्हणून जिरवण्याची ही सोय बॅटरीवर अवलंबून नसावी आणि चक्कीला वेगळा ब्रेक असावा. सौर पट्टीचा साधा नियंत्रक चक्कीला लावणे धोक्याचे आहे.

मग छोटी चक्की निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचे छोटे बेट आहे. देशाच्या वीजजाळ्याशी ते जोडलेले नाही. २००८ साली तेथील रहिवाशांनी जलविद्युत, सौर पट्ट्या आणि प्रत्येकी सहा किलोवॉटच्या चार चक्क्या एकत्र जोडून, मध्ये बॅटऱ्या ठेवून, स्वतःची वीजव्यवस्था उभारली. एका घराने एका वेळी पाच किलोवॉटपेक्षा जास्त वीज घ्यायची नाही, असा नियम त्यांनी ठरवला. जादा झालेली वीज सार्वजनिक इमारती उबदार ठेवण्यासाठी वापरली गेली. तिथे वारा मोकळा आहे, आणि हिवाळ्यात ऊन नसते तेव्हाच तो जोरात वाहतो. आपल्याकडे साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर मोठ्या पवनचक्क्या आहेत. तिथे सूर्य ढगाआड जातो त्या पावसाळ्यातच वारा भरात असतो. गावच्या घरासाठी विचार करणाऱ्यांनी आपले घर अशा पठारावर आहे की डोंगराच्या आडोशाला, हे आधी पाहावे.

तात्पर्य, क्रम असा असावा: आधी वारा, मग खांब, मग बॅटरी, आणि यंत्र सर्वांत शेवटी. जिथे चक्की बसवायची त्याच उंचीवर वेगमापक लावून शक्यतो वर्षभर नोंदी ठेवाव्यात. माळावरचे एकाकी घर, शेत किंवा कालव्यातली राहती बोट असेल, आणि सरासरी वेग ५-६ मीटर भरत असेल, तर चक्की उपयोगी पडेल. भिंतीला भिंत लागून असलेल्या उपनगरी घरांत मात्र तेच पैसे छपराच्या उबदार अस्तरावर आणि सौर पट्ट्यांवर खर्च केलेले बरे. वारा फुकट असला तरी तो पकडण्याचा खर्च फुकट नसतो.