कुलूपबंद माहितीपुस्तिका

घरात शिवणयंत्र किंवा पंखा आणला की त्यासोबत एक माहितीपुस्तिका मिळते. संगणकाच्या प्रोग्रामलाही अशी पुस्तिका लागते. पूर्वी ती छापील असे. पुढे ती संगणकाच्या पडद्यावरच दिसू लागली.

१९९० साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज ३.०' बाजारात आणले. त्यात 'विनहेल्प' नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. कळफलकावरील 'एफ-१' ही कळ दाबली की मदतीचे पान उघडत असे. पानावरील हिरव्या, अधोरेखित शब्दावर क्लिक केले की त्या विषयाचे दुसरे पान समोर येई. ही सगळी पाने एकाच फाईलमध्ये असत. त्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एचएलपी' ही अक्षरे असत.

ही फाईल कशी तयार होत असे? लेखक आधी मजकूर लिहीत. मग एक खास प्रोग्राम मजकूर, चित्रे आणि पानांचे दुवे एकत्र बांधत असे. त्या काळी फ्लॉपीवर जेमतेम १.४४ मेगाबाइट माहिती मावे. म्हणून मजकूर दाबून लहान केला जाई. अशी फाईल आज नोटपॅडमध्ये उघडली, तर नुसती विचित्र चिन्हे दिसतात.

२००७ साली आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'मध्ये विनहेल्प नव्हते. काही वर्षे ते वेगळे मिळत असे. २०१५ च्या 'विंडोज १०'साठी तेही मिळाले नाही. फाईल जशीच्या तशी राहिली, पण तिला वाचणारा गेला! उर्दू वाचणाऱ्यालाही शिकस्ता वळणाचा जुना दस्तऐवज वाचता येईलच असे नाही. मराठी माणसाचेही मोडी कागदासमोर तसेच होते.

मग ही फाईल उघडायची कशी? प्रथम ती कोठून आली ते पाहा. अशा फाईलमध्ये संगणकाला दिलेल्या आज्ञाही असू शकतात. म्हणून अनोळखी फाईल उघडू नका. नंतर तिची एक प्रत काढून ठेवा. 'विंडोज एक्सपी' असलेल्या जुन्या संगणकावर ती सहज उघडते. लिनक्सवरील 'वाईन' या प्रोग्रामकडेही तिला वाचणारा स्वतःचा प्रोग्राम आहे. 'हेल्पडेको' हा प्रोग्राम तर फाईलची गाठ सोडून मजकूर आणि चित्रे वेगळी करून देतो. कंपनीने या फाईलची रचना जाहीर केली नव्हती. जिज्ञासू लोकांनी चिकाटीने ती शोधून काढली, म्हणूनच हे शक्य झाले.

ही गोष्ट आपल्यापासून दूर नाही. उर्दूची अनेक पुस्तके आणि वर्तमानपत्रे 'इनपेज'मध्ये तयार झाली. इनपेजच्या जुन्या फाईलींत अक्षरे त्याच्या स्वतःच्या संकेतांत साठवलेली असतात. दुसऱ्या प्रोग्रामला ती कळत नाहीत. म्हणून असा मजकूर वेळीच युनिकोडमध्ये बदलून ठेवावा. युनिकोडचे नियम सर्वांसाठी खुले आहेत.

मित्रांनो, कागद वाळवीपासून जपावा लागतो. फाईल विस्मरणापासून जपावी लागते. माहिती साठवताना तिची किल्लीही जपून ठेवा.

स्वाध्याय
१. एचएलपी फाईल नोटपॅडमध्ये नीट का दिसत नाही?
२. अनोळखी फाईल का उघडू नये?
३. 'फाईल राहिली, पण तिला वाचणारा गेला' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत लिहा.