बाटली दुर्मिळ, पण विकायची कुठे?

18 नोव्हेंबर 2023 रोजी लंडनच्या सदबीज लिलावगृहात मॅकॅलन 1926 या व्हिस्कीची एक बाटली 21,87,500 पौंडांना गेली. ही व्हिस्की 1926 साली गाळलेली, साठ वर्षं पिंपात मुरलेली आणि 1986 मध्ये बाटल्यांत भरलेली. त्या पिंपातून निघालेल्या बाटल्या फक्त 40. अशी बातमी फिरली, की घरातल्या जुन्या बाटलीकडे पाहण्याची नजरच बदलते. साठ-सत्तरच्या दशकांत ब्रिटनला गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरांत भेट म्हणून आलेल्या आणि कधीच न उघडलेल्या बाटल्या असतात. त्या आता मुलांच्या ताब्यात येऊ लागल्या आहेत, आणि मुलांपुढे प्रश्न असतो तो त्या विकायच्या कशा.

या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कोणती बाटली आहे आणि आपण कोणत्या कायद्याखाली राहतो, या दोन गोष्टींवरून मार्ग ठरतो. माझ्या मते लोकांचं नुकसान होतं ते बहुधा बाटली सामान्य निघाल्यामुळे नाही, तर चांगली बाटली चुकीच्या वाटेने विकल्यामुळे. आणि चुकीची वाट निवडली जाते ती काही पक्क्या गैरसमजांमुळे.

गैरसमज : बाटली जितकी जुनी, तितकी व्हिस्की मुरलेली आणि महाग

व्हिस्की मुरते ती ओकच्या लाकडी पिंपात. स्कॉचसाठी कायद्याने किमान तीन वर्षं पिंपात राहणं सक्तीचं आहे. एकदा काचेत भरली की तिचं मुरणं थांबतं. 1975 मध्ये भरलेली बारा वर्षांची व्हिस्की आजही बारा वर्षांचीच आहे. वाइनचा हिशेब तिला लागू नाही.

तरीही बाटली भरल्याचा काळ ओळखता आला पाहिजे, कारण संग्राहक त्याचे पैसे देतात. यासाठी लेबल नीट वाचायचं. ब्रिटिश बाजारातल्या बाटलीवर प्रमाण 26⅔ फ्लुइड औंस आणि तीव्रता 70 प्रूफ असं लिहिलेलं असेल, तर ती साधारण 1980 च्या आधीची. त्यानंतरच्या दशकात 75 सेंटिलिटर आणि 1990 च्या सुमारापासून 70 सेंटिलिटर. 70 प्रूफ म्हणजे आजचे 40 टक्के. ते वाचून ‘ही फार कडक व्हिस्की आहे’ असं गिऱ्हाइकाला सांगू नका.

पण नुसत्या जुनेपणाला भाव नसतो. लाखोंनी खपलेल्या ब्लेंडेड व्हिस्कीची पन्नास वर्षांपूर्वीची बाटलीही बऱ्याचदा माफक किमतीत जाते. भाव येतो तो पुन्हा न मिळणाऱ्या मालाला. आयला बेटावरची पोर्ट एलन आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडची ब्रोरा या डिस्टिलरी 1983 मध्ये बंद पडल्या, तेव्हा त्यांची कुणाला फारशी हळहळ वाटली नव्हती. पुढे त्यांच्या उरलेल्या पिंपांतली व्हिस्की संग्राहकांनी डोक्यावर घेतली. ब्रोरा 2021 मध्ये आणि पोर्ट एलन 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण बंद पडण्यापूर्वीची व्हिस्की काही नव्याने तयार होणार नाही. जपानमधल्या कारुइझावाचीही गोष्ट तशीच. तिथलं उत्पादन 2000 साली थांबलं आणि तिच्या बाटल्यांचे भाव चढले ते त्यानंतर.

लेबलवरच्या वर्षांचा आकडाही सगळीकडे एकाच मापाने मोजता येत नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्की तयार होते, तिथल्या उष्म्यात हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास जातं. तिथे व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर संपतेही. त्यामुळे गोव्यातल्या किंवा बंगळुरूच्या अमृतच्या मर्यादित आवृत्तीवर लहान आकडा दिसला म्हणून ती कमी प्रतीची समजू नये.

गैरसमज : बाटली माझी, ती मी कुणालाही विकेन

सर्वांत धोक्याचा गैरसमज हाच आहे. जुनं घड्याळ किंवा जुना कॅमेरा आपण कुणालाही विकू शकतो. मद्याचं तसं नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2003 च्या लायसन्सिंग कायद्यानुसार परवान्याशिवाय ग्राहकाला मद्य विकणं हा गुन्हा आहे. स्कॉटलंडला 2005 चा वेगळा कायदा लागू आहे. समाजमाध्यमांवर फोटो टाकून ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाला बाटली देणं आणि पैसे घेणं याच कक्षेत येतं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामनेही 2019 मध्ये खासगी व्यक्तींमधल्या मद्यविक्रीला आपल्या नियमांनी मनाई केली.

मात्र याच ब्रिटिश कायद्यात एक उपयोगी तरतूद आहे. व्यापाऱ्याला त्याच्या धंद्यासाठी केलेली विक्री तिथे किरकोळ विक्री धरली जात नाही. म्हणून परवानाधारक दुकानदाराला बाटली विकण्याचा किंवा परवानाधारक लिलावगृहाकडे ती सोपवण्याचा मार्ग सर्वसामान्य माणसाला खुला राहतो. ब्रिटनमध्ये जुन्या व्हिस्कीचा बाजार एवढा वाढला तो याच आधारावर. अमेरिकेत मात्र प्रत्येक राज्याचा कायदा निराळा आणि बहुतेक ठिकाणी खासगी विक्रीला बंदी. केंटकीने 1 जानेवारी 2018 पासून परवानाधारक दुकानांना खासगी व्यक्तींकडून जुन्या, बाजारात न मिळणाऱ्या बाटल्या विकत घेण्याची मुभा दिली. शेजारच्या राज्यात तीच मुभा असेल असं गृहीत धरू नये. शिवाय अमेरिकेच्या सरकारी टपालातून मद्य पाठवताच येत नाही.

आता महाराष्ट्र. भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे आणि आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा लागू आहे. पिण्यासाठी, जवळ बाळगण्यासाठीसुद्धा इथे परवाना लागतो, मग विक्रीची काय कथा! राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय एक बाटली विकली तरी गुन्हा दाखल होऊन तुरुंगवास होऊ शकतो. ‘संग्रहातली आहे, पिण्यासाठी नाही’ हा बचाव कायद्यात नाही. गोव्यात दारू स्वस्त आहे, दुकानं जागोजागी आहेत, पण विकायला परवाना तिथेही लागतो. पुण्यात किंवा नागपुरात वडिलांचा संग्रह हाती आलेल्या माणसाला मी स्पष्टच सांगेन : त्या बाटल्या विकण्याचा खटाटोप करू नका.

‘मग लंडनला नेऊन विकतो’ असं काहींच्या मनात येतं. बाहेरून ब्रिटनमध्ये येणाऱ्या प्रवाशाला चार लिटर स्पिरिट करमुक्त आणता येतं, पण ते स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट देण्यासाठी. विकण्यासाठी आणलेला माल या सवलतीत बसत नाही. तो जाहीर करून त्यावर कर भरावा लागतो. भारतात येताना मिळणारी दोन लिटरची सवलतही स्वतःच्या वापरापुरतीच आहे.

गैरसमज : लिलावात पुकारलेला आकडा म्हणजे माझ्या हातात पडणारे पैसे

सुरुवातीच्या मॅकॅलनकडेच पुन्हा पाहा. बातमीत आला तो आकडा 21,87,500 पौंड, पण लिलावातली अंतिम बोली होती साडेसतरा लाख पौंड. वरचे पाव हिस्सा पैसे लिलावगृहाने खरेदीदाराकडून घेतलेल्या कमिशनचे. विक्रेत्याचा हिशेब अंतिम बोलीपासून सुरू होतो आणि त्यातूनही त्याचं कमिशन वजा होतं. म्हणून गेल्या लिलावातले भाव पाहताना तो आकडा कमिशनसह आहे की कमिशनशिवाय, हे आधी तपासायचं.

एक लहान उदाहरण घेऊ. समजा तुमच्या बाटलीला 200 पौंडांची अंतिम बोली लागली. विक्रेत्याचं कमिशन दहा टक्के आणि नोंदणी शुल्क पाच पौंड असेल, तर तुमच्या हाती येतात 175. लिलावगृहापर्यंत बाटली विमा काढून पाठवण्याचा खर्च यातून वेगळा. तीच बाटली एखादा परवानाधारक दुकानदार रोख 150 ला मागत असेल, तर फरक वाटतो त्याहून कमी आहे, आणि दुकानदाराचे पैसे लगेच मिळतात. बोली लागेल की नाही ही धाकधूकही नाही. पण बाटली 2,000 पौंडांची असेल तर हेच गणित लिलावाच्या बाजूने झुकतं, कारण दुकानदाराला आपला नफा राखून भाव सांगावा लागतो आणि रक्कम मोठी झाली की तो फरक चांगलाच जाणवतो. चाळीस-पन्नास पौंडांच्या बाटलीसाठी मात्र दोन्ही वाटा व्यर्थ आहेत. ती घरच्या समारंभात उघडावी.

लिलावगृह म्हणजे सदबीज किंवा क्रिस्टीज असं समजून लोक थेट तिथे पत्र लिहितात. ही नावं मोठी, पण त्यांना हव्या असतात थोड्या आणि फार महाग बाटल्या. मधल्या किमतीच्या बाटलीला तिथे एक तर नकार मिळतो, नाहीतर ती पाच-सहा बाटल्यांच्या गठ्ठ्यात टाकली जाते आणि गठ्ठ्यातल्या चांगल्या बाटलीचा भाव पडतो. व्हिस्कीपुरतंच काम करणारी ऑनलाइन लिलावगृहं गेल्या पंधरा वर्षांत स्कॉटलंडमध्ये उभी राहिली : ग्लासगोचं स्कॉच व्हिस्की ऑक्शन्स, पर्थचं व्हिस्की ऑक्शनिअर. तिथे एकेका लिलावात हजारो बाटल्या असतात आणि जगभरचे संग्राहक बोली लावतात. शंभर ते काही हजार पौंडांच्या बाटलीसाठी मला हीच वाट योग्य वाटते. गर्दीचा तोटाही आहे. तुमच्याच आवृत्तीच्या दहा बाटल्या त्याच लिलावात आल्या तर भाव खाली येतो. राखीव किंमत लावता येते, पण बहुधा त्याचं शुल्क असतं आणि ती फार वर ठेवली तर बाटली न विकता परत येते.

दुकानांत लंडनचं द व्हिस्की एक्स्चेंज हे नाव यायलाच हवं. सुखिंदर सिंग आणि राजबीर सिंग या भावांनी 1999 मध्ये ते सुरू केलं. त्यांच्या आईवडिलांचं पश्चिम लंडनमध्ये दारूचं दुकान होतं आणि सुखिंदर यांचा नाद लहान बाटल्या जमवण्यापासून सुरू झाला. 2021 मध्ये पेर्नो रिकार या फ्रेंच कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला. ज्या दुकानाची जुन्या मालाशी अशी ओळख आहे तिथे बाटलीची पारख होते. कोपऱ्यावरच्या दुकानात ती होईलच असं नाही.

गैरसमज : सील शाबूत आहे, म्हणजे बाटली अस्सल

2017 मध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झ गावातल्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने मॅकॅलन 1878 चा एक पेग 9,999 फ्रँकना घेतला. ही बातमी वाचून जाणकारांना शंका आली आणि तपासणी झाली. निघालं असं, की ती व्हिस्की 1970 ते 1972 च्या दरम्यान तयार झालेली आणि सिंगल माल्टही नव्हती. हॉटेलने पैसे परत केले. हॉटेलकडे ही बाटली पंचवीस वर्षं होती आणि त्यांनाही ती खरीच वाटत होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फसवणूक करण्याचा हेतू नसतानाही माणूस बनावट बाटली विकू शकतो.

पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या ‘स्युर्क’ या विद्यापीठीय संशोधन केंद्रात 55 दुर्मिळ बाटल्या तपासल्या गेल्या, त्यांतल्या 21 खोट्या ठरल्या. 1900 किंवा त्याआधीच्या म्हणवणाऱ्या त्यांतल्या सगळ्या सिंगल माल्ट बनावट निघाल्या. पद्धत कार्बन-14 ची. 1950 आणि 60 च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला, तो शेतातल्या बार्लीत उतरला आणि बार्लीतून व्हिस्कीत. त्यामुळे धान्य त्या चाचण्यांच्या आधीचं की नंतरचं, हे कळतं.

ही चाचणी प्रत्येक घरगुती बाटलीला परवडणारी नाही. तिथे कामाला येतो तो कागद : खरेदीची पावती, भेटीसोबतचं पत्र, मूळ खोका, पार्श्वभूमीला बाटली दिसते असा जुना कौटुंबिक फोटो. वडील किंवा काका हयात असतील तर कोणती बाटली कुठून आली हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या. आणि महागड्या व्हिस्कीची रिकामी बाटली कुणाला विकू नका. बनावट माल भरायला तिचाच उपयोग होतो.

बाटली घासूनपुसून लख्ख करण्याचा मोहही टाळावा. जुनं लेबल पाण्याने सुटतं आणि फाटक्या लेबलचा फटका भावाला बसतो. बाटली उभीच ठेवायची. आडवी ठेवली तर तीव्र मद्याने बूच कुजतं, गळती लागते आणि बाटलीतली पातळी उतरते. फोटो पाठवताना ही पातळी स्पष्ट दिसली पाहिजे.

गैरसमज : थांबलं की भाव वाढतोच

नाइट फ्रँक या संस्थेच्या निर्देशांकात 2023 अखेरच्या दहा वर्षांत दुर्मिळ व्हिस्की 280 टक्क्यांनी वाढलेली दिसते. जाहिरातीत हाच आकडा येतो. त्याच निर्देशांकात 2023 या एका वर्षात ती नऊ टक्क्यांनी घसरली होती, ते जाहिरातीत येत नाही. 2022 च्या तेजीत घेतलेल्या अनेक बाटल्या आज खरेदीच्या किमतीलाही जात नाहीत. पैशांची निकड नसेल तर थांबायला हरकत नाही, पण कर्ज काढून किंवा घरखर्चाचे पैसे अडकवून थांबू नये.

राहिला कर. ब्रिटनमध्ये एखादी वैयक्तिक वस्तू 6,000 पौंड किंवा त्याहून कमी किमतीला विकली, तर नफ्यावर भांडवली कर लागत नाही. पण एका संचातल्या बाटल्या एकाच माणसाला वेगवेगळ्या करून विकल्या तर त्या एकत्र मोजल्या जातात. वारंवार घेऊन विकत राहिलात तर तो व्यापार ठरतो आणि त्याचे नियम वेगळे. मोठा संग्रह असेल तर पहिली बाटली लिलावाला पाठवण्याआधी हिशेबनीसाला विचारा, कारण विक्री पावत्यांनिशी नोंदली गेल्यावर बाटल्यांची विभागणी बदलता येत नाही.