खरा चार्जर मोबाइलच्या पोटात!

प्रतिनिधी

मोबाइल चार्ज करण्यासाठी भिंतीवरील प्लगमध्ये जो चौकोनी ठोकळा खोचला जातो, त्याला सर्रास चार्जर म्हटले जाते. प्रत्यक्षात घरातील २३० व्होल्टचा वीजपुरवठा पाच व्होल्ट किंवा त्याहून काहीशा अधिक दाबाच्या एकदिश प्रवाहात बदलून देणे, एवढेच बहुतेक ठोकळ्यांचे काम असते. बॅटरीत किती प्रवाह सोडायचा आणि कोठे थांबायचे, हे ठरविते ती उपकरणाच्या आत दडलेली, नखाहूनही लहान चिप. मोबाइल, ब्लूटूथ इयरफोन, डिजिटल कॅमेरा अशा बहुतेक उपकरणांत ती असते.

लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी वजनाला हलकी असली, तरी स्वभावाने लहरी आहे. प्रचलित प्रकारच्या बॅटरीचा विद्युतदाब ४.२ व्होल्टपलीकडे नेल्यास आतील रसायने अस्थिर होतात आणि बॅटरी तापून पेट घेण्याचा धोका निर्माण होतो. दाब किंचित कमी ठेवला, तर बॅटरी पूर्ण भरत नाही. त्यामुळे हा दाब साधारण एक टक्क्याच्या अचूकतेने राखावा लागतो.

तीन टप्प्यांत भरणा

बॅटरी जोडताच चिप प्रथम तिचा दाब मोजते. तो सुमारे तीन व्होल्टपेक्षा कमी असेल, तर बॅटरी पार रिकामी झाली आहे, असे समजून नेहमीच्या एक दशांश एवढाच प्रवाह सोडला जातो. दाब सावरला की दुसरा टप्पा सुरू होतो. त्यात पूर्ण प्रवाह एकसारखा दिला जातो आणि बॅटरीचा मोठा हिस्सा याच काळात भरतो. दाब ४.२ व्होल्टला पोहोचला की चिप तो तेथेच रोखून धरते आणि प्रवाह आपोआप घटत जातो. हंडा काठोकाठ भरत आला की नळ बारीक करावा, तसाच हा प्रकार. प्रवाह एक दशांशावर उतरला की भरणा थांबतो. पहिले ८० टक्के झपाट्याने आणि उरलेले २० टक्के रेंगाळत का भरतात, याचे उत्तर या तिसऱ्या टप्प्यात आहे.

पूर्वी या कामासाठी नियंत्रक, ट्रान्झिस्टर, प्रवाह मोजणारा रोधक आणि डायोड असे सुटे भाग लागत. लिनियर टेक्नॉलॉजी कंपनीच्या 'एलटीसी ४०५४' या चिपमध्ये ते सारे अवघ्या पाच पायांच्या एकाच तुकड्यात सामावले गेले. बाहेरून एक रोधक बदलला की प्रवाह किती असावा, हे ठरविता येते.

उष्णतेचा प्रश्न

अशा साध्या चिपमध्ये जास्तीचा दाब उष्णतेत वाया जातो. पाच व्होल्टवरून ३.७ व्होल्टच्या बॅटरीला एक अँपिअर प्रवाह दिल्यास १.३ वॉट उष्णता त्या इवल्याशा चिपमध्ये निर्माण होते. म्हणूनच चिप स्वतःचे तापमानही तपासते आणि अति तापल्यास प्रवाह कमी करते. मोठ्या बॅटरींसाठी प्रवाहाची वेगाने उघडझाप करून दाब उतरविणाऱ्या चिप वापरल्या जातात. त्यांत उष्णता बरीच कमी होते, मात्र सोबत वेटोळे लागते.

चिपलाही मर्यादा

ही चिप बॅटरीच्या टोकांवरील दाब, प्रवाह आणि तापमान पाहू शकते, तिच्या पोटातील बिघाड मात्र तिला आधी दिसत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने मात्सुशिता कंपनीने बनविलेल्या 'बीएल-५सी' जातीच्या सुमारे चार कोटी ६० लाख बॅटरींबाबत इशारा दिला होता. आतील शॉर्टसर्किटमुळे त्या चार्जिंगच्या वेळी तापण्याची शक्यता होती. भारतातही त्यावेळी मोठी घबराट पसरली होती. दोष बॅटरीतच असल्यावर चार्जिंग चिप कितीही चोख असून भागत नाही. त्यासाठीच चांगल्या बॅटरीत स्वतंत्र संरक्षक सर्किटही बसविलेले असते. स्वस्त नकली बॅटरी विकत घेताना नेमक्या याच कवचावर पाणी सोडले जाण्याची शक्यता असते.

रात्रभर मोबाइल चार्जिंगला राहिला, तर चांगल्या उपकरणात भरणा वेळीच थांबतो, त्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. खरा शत्रू आहे तो उष्णता. ४५ अंश सेल्सिअसच्या वर साधारणपणे चार्जिंग करू नये. उशीखाली किंवा उन्हात तापलेल्या मोटारीत मोबाइल चार्ज करणे म्हणूनच टाळावे. फुगलेली बॅटरी तर एक दिवसही वापरू नये. ती बदलणे हा एकमेव उपाय आहे.